उकिरड्यातलं गाडगं

गोजर माझी पाठची बहीण. सख्खी, एका आईच्या पोटची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्या नावानं लोकांनी लई काहीबाही पसरवलं, अन् पसरवणाऱ्यांतल्या एकालाबी ती खरी कशी व्हती ते ठाऊक न्हवतं. मला ठाऊक हाय. माझी शाळा उर्दू चौथीपोतर, पण माझी याद अशी हाय की तीर्थपुरीच्या बाजारात लोक जुन्या गोष्टी मलाच इचारायला येतात. त्यात हे सगळं मी तिच्या तोंडून अन् तिच्या नवऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मी तिथंच उभा व्हतो म्हणलं तरी चालंल.

गोजर चिमुरडी असताना बैलगाडीचं चाक तिच्या पायावरून गेल्तं. नडगीचं हाड बाहेर आल्तं. गावातले म्हणले, पोरीचा पाय गेला, आता हिला कोण करून घेणार. तिला पाठीवर टाकून जालन्याला नेलं ते मी. दुसऱ्या कुणाची छाती झाली न्हाई. जालन्यात एका गोऱ्या डॉक्टरीणबाईचा दवाखाना व्हता. बाईनं पाय कापला न्हाई, फळ्या बांधून सरळ केला. पण त्याला पावसाळा जाऊन हिवाळा आला. पोर खाटंवर कंटाळली अन् घसरत घसरत बाईच्या सैपाकघराच्या दारात जाऊन बसायला लागली. आमच्या घराण्याचं रगत हाय, डोळ्यानं बघितलेलं काम हातात उतरतंच.

डॉक्टरीणबाई भाकरी खात न्हवती. तिचा सैपाकी तिच्यासाठी घरीच डबलरोटी करायचा. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, त्यात खमीर, मंग मळायचं, झाकायचं अन् वाट बघायची. पंच्याखाली ते पीठ हळूहळू वर यायचं, झोपलेल्या माणसाची छाती वर येती तसं. दुसरी पोर असती तर बोंबलत पळाली असती. गोजरनं इचारलं, "ह्ये जित्तं हाय का?"

सैपाकी म्हणला, "बिलकुल जित्तं. थंडी लागली की मरतं, उपाशी ठेवलं की मरतं."

खमीर लावायला तो शिंदीचा फेस वापरायचा. शिंदी न्हाई मिळाली तर त्याची दुसरी तऱ्हा व्हती. पीठ, पाणी, गुळाचा खडा, त्यात हिरव्या मिरचीचे देठ अन् लिंबाची फोड. गाडग्यात घालून तोंड बांधायचं अन् उबदार जागी ठेवायचं. गोजरनं हे सगळं बराबर डोक्यात ठेवलं. त्या रोटीचा घास मातर आम्ही दोघांनीबी तोंडात घातला न्हाई. पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी तवाची रीत. आमच्या भाकरी गावाहून यायच्या, शिळ्या असल्या तरी आमच्या.

पाय बरा झाला, चाल जराशी तिरपी राह्यली. तरी मी तिला चांगल्या घरी दिली. तीर्थपुरीच्या अलीकडं एक खेडं हाय, तिथल्या रामरावाचा पोरगा धर्मराज. पोरगा गरीब सोभावाचा, मान खाली घालून औत हाकणारा. सासू आधीच वारलेली. सासरा रामराव मातर असा माणूस की त्यानं ओट्यावर खाकरलं की गल्लीतले लोक बिड्या इझवायचे. सारी भावकी त्याला दादा म्हणायची. तो सुनंला कधी वाकडा शब्द बोलला न्हाई, अन् कधी सरळबी न्हाई. बोललाच न्हाई.

मंग ते साल आलं, रझाकारांचं. जालन्याची वाट बंद पडल्यासारखीच. मी जालन्यात अडकून पडल्तो, कापसाच्या जिनिंगात कामाला. ही गोष्ट कानावर आली असती तर मी रस्ते बंद असो का काही असो, गेलोच असतो, अन् मंग कुणाचं काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. पण खबरच आली न्हाई. तिकडं गावात दिवस मावळायच्या आत कवाडं लागायची. कुत्रं भुकलं तरी बाया पोरांची तोंडं दाबायच्या. ज्याच्या घरी गुंजभर सोनं व्हतं तो ते पुरून ठेवून राह्यला व्हता, कोणी चुलीखाली, कोणी गोठ्यात, कोणी उकिरड्यात. कोण कुठं पुरतंय हे दुसऱ्याला कळू नये म्हणून माणसं एकमेकांकडं सरळ बघत न्हवती. शेजारी शेजाऱ्याच्या पाठीकडं बघायचा.

अशात रामरावानं खाट धरली. अन्न खाली उतरंना. जवारीची भाकर दुधात कुस्करली तरी घशात अडकायची, अन् उतरलीच तर पोटात ठरायची न्हाई. एवढा मोठा माणूस, घोंगड्याखाली बघावं तर घोंगडंच दिसायचं. वैद्याच्या पुड्या झाल्या, नवस झाले. गोजर उशाशी वाटी घेऊन बसायची अन् वाटी तशीच उचलून न्यायची.

एक दिवस तिला दवाखान्यातले रोगी आठवले. ज्यांच्या पोटात काही ठरत न्हवतं त्यांना डॉक्टरीणबाई डबलरोटीचा मऊ गाभा दुधात भिजवून द्यायची. गोजरनं नवऱ्याला इचारलं. धर्मराज घाबरला.

"अगं, ते साहेब लोकांचं खाणं. भावकीला कळलं तर पंगतीतून उठवतील."

"कळायला सांगतंय कोण? घरातलंच पीठ हाय. बाहेरून काय आणायचंय?"

तिनं खमीर लावलं. भट्टी न्हवती, तर तव्यात वाळू तापवली, वर कणकेचा गोळा ठेवलेली जरमनची ताटली, त्यावर पातेलं उपडं अन् पातेल्यावर गवऱ्यांचे निखारे. पहिली रोटी खालून करपली अन् आतून चिकट राह्यली. ती म्हशीला घातली. दुसरी मातर फुगली. तिचा गाभा काढून शेळीच्या दुधात भिजवला अन् सासऱ्यापुढं धरला.

"मामा, एक घास घेऊन बघा."

रामरावानं खाल्लं. गिळलं. डोळे मिटून पडला. सांजपोतर ते पोटात ठरलं. दिवे लागल्यावर पहिल्यांदा सुनंशी सरळ बोलला, "सकाळचं ते हाय का आजून?" अन् ती आत वळल्यावर म्हणला, "ते साहेबाचं खाणं हाय. मी जालन्याच्या छावणीत बघितल्तं."

गोजरनं वाटी पदराआड धरली.

"मी काय न्हाई म्हणलं का?" म्हातारा म्हणला. "आण जल्दी. अन् गावात बोलू नको."

तवापासून त्या घरात दर दोन-तीन दिसाला रोटी व्हायला लागली. म्हातारा उठून बसंना, पण जगून राह्यला व्हता. गोजरला सारखी एकच चिंता, खमीर मरता कामा नये. ते मेलं की नवीन तयार व्हईपोतर सासरा उपाशी.

शेजारी चतुराबाईचं घर. रामरावाचा चुलत भाऊ बद्रीनाथ, त्याची ही बायको. नाक असं की कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते भिंतीपल्याडून सांगायची. एकदा ती परड्याच्या कुडावरून वाकली.

"कसला गं आंबूस वास येतोय तुमच्यात? शिंदीखाना घातलाय का काय?"

"पीठ आंबलं, काकी."

"आंबलेलं पीठ लोक टाकून देतात. तुमच्यात ते चुलीवर चढतं व्हय?"

गोजर हसून आत गेली. पण चतुराबाई कुडापासून हालली न्हाई.

पौषात थंडी अशी पडली की खमीर फुगंना. चुलीपाशी ठेवलं तर एका बाजूनं भाजायचं, घोंगडीत गुंडाळलं तरी गार पडायचं. गोजरनं घरभर हात लावून बघितला, उबदार जागा कुठं हाय. ती परड्यात सापडली. उकिरडा! वरून दंव पडलेलं, पण हातभर आत घातलं की वाफ. बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब. तिनं खमिराच्या गाडग्याला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. बांधायला दोरा घरात एकच व्हता, शेळीच्या केसांचा, काळा. रोज दिवस मावळताना ती गाडगं उकिरड्यात पुरायची अन् दुसऱ्या दिशी दुपारी काढायची.

आता तुम्हीच बघा. तोंड बांधलेलं गाडगं. काळा दोरा. आत पिठाचा गोळा, मिरचीचे देठ, लिंबाची फोड. अन् तिरप्या चालीची बाई ते तिन्हीसांजेला मागंपुढं बघत पुरून राह्यलीय. जिनं दवाखान्यातलं सैपाकघर बघितलं तिला ते खमीर दिसंल. गावाला काय दिसंल?

पण चतुराबाईला आधी ते दिसलं न्हाई. तिला दिसलं सोनं. तिनं गोजरला गाडगं पुरताना बघितलं अन् तिच्या मनात आलं की रामरावाच्या घरचं सारं डबोलं उकिरड्यात गेलं. दुसऱ्या दिशी गोजर मळ्यात गेल्याचं बघून ती परड्यात शिरली. संगं तिची सून नंदा, नुकती नांदायला आलेली, सासूच्या सावलीला भिणारी पोर. गाडगं वर काढलं. ते गरम व्हतं. चतुराबाई म्हणली, "सोड दोरा." नंदानं दोरा सोडला. रातभर उबंत फुगलेलं ते खमीर, कापड सुटताच फस्सकन वर आलं अन् पोरीच्या मनगटापोतर चढलं. देठांसगट, लिंबासगट. नंदानं अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायला लागली.

दोघी पळाल्या. गाडगं तिथंच कलंडलं.

आता चतुराबाई काय सांगणार? दादांच्या उकिरड्यात सोनं धुंडत व्हते, असं? तिनं सांगितलं की दोघी परड्याच्या कडंनं चालल्त्या, तर उकिरडा आपोआप उकलला अन् गाडगं वर आलं. गावानं बोलणं तोंडात घेतलं, अन् ते तोंडातून तोंडात जाताना गाडग्याला डोळे फुटले, दात फुटले.

अन् नंदाला त्या रातीपासून ताप भरला. तापात ती घशातून आवाज काढायची, कुत्रं गुरगुरतं तसा. कुणी म्हणलं तिच्या पाठीवर बिब्ब्यासारखी फुली उठलीय. कुणी बघितली ते कोणी सांगंना. सारे एकच शब्द बोलायला लागले, अन् तोबी हळूच, दाराआड. भानामती.

गोजरला ह्यातलं काही ठाऊक न्हवतं. मळ्यातून आली तर गाडगं कलंडलेलं. तिला वाटलं कुत्र्यानं उकरलं असंल. तळाला राह्यलेलं खमीर तिनं खरवडून घेतलं, पीठपाणी घालून पुन्हा जगवलं. मंग तिच्या ध्यानात यायला लागलं. ती आडावर गेली की बाया भरल्या-रित्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तिनं धरलेला दोर दुसरी कोणी धरंना. पाणी शेंदून ती वळली की मागं कोणीतरी थुंकायचं. एका सकाळी उंबऱ्यासमोर सुया टोचलेला बिब्बा पडलेला. धर्मराजानं तो काठीनं ढकलून दिला अन् दिवसभर जेवला न्हाई.

"तू ते बंद कर," तो म्हणला.

"बंद केलं तर मामा काय खातील?"

तो काठी घेऊन गोठ्याकडं गेला. आतल्या खोलीत म्हातारा खाकरला. खाकरणंबी आता पहिल्यासारखं राह्यलं न्हवतं, वाळलं पान मोडल्यासारखं.

बद्रीनाथानं पुंजारामाला आणलं. पुंजाराम देवऋषी, परगावचा, कपाळभर शेंदूर, आवाज गोड. तो गोड आवाजच वंगाळ व्हता. नंदाच्या उशाशी बसून त्यानं गावातल्या एकेका बाईची चौकशी केली. कोण कुठली, कुणाला मूल न्हाई, कोण एकटी उठून कुठं जाती. पोरीचं अन्न बंद केलं. म्हणला, जे अंगात हाय ते उपाशी राह्यलं की बोलंल. पोर तापानं अन् भुकेनं फणफणली, तिचा आवाज आजून वाढला, अन् सारं गाव म्हणलं, बघा, बोलून राह्यलं.

अशात एक दिशी दुपारी गोजरनं गाडग्यातलं अर्धं खमीर काढून कणीक मळली, परातीत झाकून ठेवली. उरलेलं गाडगं हातात धरून परड्यात आली, तर तिथं चौघं उभे.

"चल पारावर," एक जण म्हणला. "ते गाडगं घेऊन."

मारुतीच्या पारावर सारं गाव जमल्तं. दिवस कलून राह्यला व्हता. लेकरंसुद्धा आयांच्या पदरात गप व्हती. गोजर मधी उभी राह्यली. डोक्यावरचा पदर तिनं सरकू दिला न्हाई. धर्मराज मागं आला, त्याला दोघांनी दंडाला धरून बाजूला बसवलं.

"बाई, गाडगं तुझं?" पुंजारामानं गोड आवाजात इचारलं.

"माझं."

"काय हाय ह्यात?"

"गव्हाचं पीठ. आंबवलेलं."

"मंग लिंबू कशाला? मिरच्या कशाला?"

"देठानं पीठ फुगतं."

पुंजाराम गावाकडं वळला. "मिरचीनं पीठ फुगतं म्हणं! मंग तुमच्या बायांच्या पिठल्यानं आजपोतर घराची छपरं उडायला पाहिजे व्हती." एक-दोघं हसले अन् लगेच गप झाले. "अन् फुगवून करायचं काय असतं, बाई? कुणासाठी फुगवती?"

हितं गोजरनं तोंड मिटलं. एका शब्दात सारं मिटलं असतं असं तुम्हाला वाटंल. पण रोटी म्हणली की म्हातारा बाटला, घर बाटलं, धर्मराजाचं पाणी तुटलं. ज्या सासऱ्यासाठी तिनं केलं त्याचंच नाव भर पारावर चिखलात टाकायचं? माझी बहीण हाय ती. तिनं टाकलं न्हाई. तिनं मातीकडं बघितलं अन् गप राह्यली, अन् गावाला त्या गप राहण्यात जबाब मिळाला.

"बोलत न्हाई," चतुराबाई मागून किंचाळली. "माझ्या पोरीची वाचा गेली, अन् ही बोलत न्हाई!"

"खा मंग," पुंजाराम म्हणला. "नुसतं पीठ हाय ना? आमच्यापुढं खा."

गोजरनं कापड सोडलं. खमीर खदखदलं, बुडबुडे फुटले. पुढं बसलेले मागं सरकले. तिनं बोटं बुडवली, गोळा काढला अन् तोंडात घातला. आंबट, तुरट, मिरचीच्या देठांनी जीभ चुरचुरली. कच्चंच गिळलं. बोटं चाटली. पुन्हा बुडवली अन् पुन्हा खाल्लं. सारा पार तिच्या गळ्याकडं बघून राह्यला व्हता. काही झालं न्हाई. ती उभी व्हती तशी उभी. क्षणभर धर्मराजाला वाटलं, सुटली.

पुंजारामानं मान डोलवली, सावकाश, दुःख झाल्यासारखी. "बघितलं ना? जिची वस्तू तिला बाधत न्हाई. दुसऱ्या कुणी खाल्लं असतं तर हितंच लोळला असता."

गर्दीतून असा आवाज आला जसा लांबून पूर येताना येतो. खाल्लं नसतं तर म्हणले असते भ्याली. खाल्लं तर हे. पुंजारामानं गाडगं उचलून पाराच्या दगडावर आपटलं. खमीर दगडावरून वघळलं अन् एक कुत्रं ते चाटायला आलं, त्याला लोकांनी दगडं मारून हाकललं.

ठरलं ते असं. सकाळी न्हावी येईल. डोकं भादरायचं, तोंडाला काळं लावायचं, शिवंपार नेऊन सोडायचं. परतली तर पुढचं काय ते गाव बघंल. बद्रीनाथाची मान वर व्हत न्हवती, पण न्हाई म्हणायला त्याचं तोंडबी उघडलं न्हाई. त्या दिसांत शिवंपार एकटी बाई, भादरलेल्या डोक्याची. तिचं पुढं काय व्हईल हे पारावरच्या बारक्या पोरालाबी ठाऊक व्हतं.

घरी आल्यावर धर्मराजानं गाठोडं बांधायला घेतलं. "ओढ्यानं जाऊ. सकाळपोतर लांब जाऊ. तुझ्या भावाकडं जालन्याला. तो बघून घेईल साऱ्यांना."

"तो बघंल," गोजर म्हणली. "पण पळाले तर हे बोलून राह्यलेत ते खरं व्हईल. अन् मामांना कोण बघंल?"

"त्यांना खाटंवर घालून नेऊ."

"ओढ्यात उतरायच्या आधी जातील ते."

तिनं गाठोडं सोडलं अन् त्याच्यातलं लुगडं पुन्हा वळणीवर टाकलं. आतल्या खोलीत म्हातारा जागा व्हता. त्यानं सारं ऐकलं.

तांबडं फुटलं तवा रामरावानं पोराला हाक मारली. "मला उचल. उंबऱ्यात नेऊन टाक."

"बाबा, बाहेर थंडी..."

"टाक म्हणलं ना!"

धर्मराजानं त्याला लेकरासारखं उचललं. घोंगडी अंथरून उंबऱ्यावर आडवा निजवला, एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपोतर. गोजर आत परातीपाशी बसली. कालची कणीक वर आल्ती. तेवढीच राह्यली व्हती.

लोक आले. पुढं पुंजाराम, मागं बद्रीनाथ अन् भावकी, कडंला धोपटी काखेत मारून न्हावी. मागं बाया. चतुराबाईच्या हातात काजळीचं भांडं. उंबऱ्यापाशी येऊन सारे थांबले.

"दादा," बद्रीनाथ म्हणला, "बाजूला व्हा."

"उठता येत न्हाई रं मला," रामराव म्हणला. "वलांडून जा."

कोणी हाललं न्हाई. आमच्या मुलखात पडलेल्या जित्या माणसाला वलांडत न्हाईत. वलांडलं की त्याचं आयुष्य तिथं तुटतं. अन् घरातल्या थोरल्याला वलांडणं म्हंजी तो मेल्याचं आपल्याच पायानं सांगणं. बद्रीनाथ उभा व्हता तो दादाच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेला. बाकीचेबी तसेच.

म्हातारा दम घेत घेत बोलला. "गाडग्यातलं पीठ माझ्या पोटात हाय. तिची डबलरोटी खाऊन मी जगलोय. बाटलो म्हणायचं तर मी बाटलो. भादरायचं तर मला भादरा. ती पारावर का बोल्ली न्हाई, कळलं का आता?"

गल्लीत कुजबूज उठली. कुणाला काय करावं कळंना. पुंजारामाला कळलं, की आत्ता गर्दी हातातून गेली तर पुन्हा यायची न्हाई. तो म्हणला, "हीच ती भानामती. म्हाताऱ्याच्या तोंडून तीच बोलून राह्यली. सरका," अन् त्यानं धोतर वर धरून पाय उचलला.

पाय म्हाताऱ्याच्या छातीवर आला तवा बद्रीनाथानं त्याला मागून कवळा घातला अन् उचलून गल्लीत टाकला.

"कुणाला वलांडतो रं?"

"तूच बोलावलं मला!"

"पोरीसाठी बोलावलं. आमच्या थोरल्यावर पाय टाकायला न्हाई!"

तेवढ्यात भावकीतले आजून दोघं पुढं आले. काल ज्या डोळ्यांनी गोजरकडं बघितल्तं त्याच डोळ्यांनी पुंजारामाकडं बघायला लागले. पुंजारामानं उपरणं झटकलं, गोड आवाजात काहीतरी शाप दिला अन् शिवंच्या वाटंला लागला. जाताना पळाला न्हाई, पण मागंबी बघितलं न्हाई. माणसं पांगली. कुणाची जवारी हुरड्यावर आल्ती, पाखरं राखायची व्हती. कुणाला एकदम बैलं आठवली.

न्हावी तेवढा राह्यला. "मंग मी काय करू?"

"आलाच हायेस तर दाढी कर माझी," रामराव म्हणला. "लई वाढलीय."

न्हाव्यानं बद्रीनाथाकडं बघितलं. बद्रीनाथानं मान हालवली. न्हाव्यानं धोपटी उघडली अन् उंबऱ्यातच म्हाताऱ्याच्या गालाला पाणी लावलं.

चतुराबाई गेली न्हाई. काजळीचं भांडं हातात घेऊन ती ओट्याखाली उभी राह्यली, अन् आत ऐकू जाईल असं बोल्ली, "आज आडवे पडले. किती दिस पडतील? ज्या दिशी चौघं उचलून नेतील त्या दिशी हा उंबरा रिकामाच हाय की."

वस्तरा थांबला. ते खरं व्हतं, अन् तिथल्या साऱ्यांना ठाऊक व्हतं.

गोजरनं ऐकलं. परातीतल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडून तिनं नव्या गाडग्यात टाकला, वर पाणी ओतलं, गुळाचा खडा घातला. मंग उठून दारापोतर आली, म्हाताऱ्याच्या अलीकडं थांबली, अन् चतुराबाईच्या तोंडाकडं बघत नवऱ्याला मोठ्यानं म्हणली,

"आहो, मळ्यातून हिरव्या मिरच्या आणा. देठासगट आणा."